डायरेक्ट सेकंड इयरला आलेल्याने इंडक्शनला व्हॉलंटियर व्हावं का?

प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारा मुलगा नांदेडकडचा, पॉलिटेक्निक करून गेल्या वर्षी डायरेक्ट एसईला (इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला) आला, आता टीईला (तिसऱ्या वर्षाला) आहे. कॉलेजने एफईच्या (पहिल्या वर्षाच्या) इंडक्शनसाठी, म्हणजे नव्या मुलांना कॉलेजची ओळख करून द्यायच्या कार्यक्रमासाठी, व्हॉलंटियर मागवलेत आणि त्याचं म्हणणं असं की मी स्वतः इंडक्शन केलंच नाही, पहिलं वर्ष या कॉलेजात काढलंच नाही, इंग्लिश फाडफाड येत नाही, स्टेजवर पाय लटपटतात, मग मी कुणाला काय डोंबल सांगणार, आणि एवढं करून रिझ्युमेला उपयोग तरी होतो का.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि गेली नऊ वर्षं इंडक्शनचं गाडं माझ्याच गळ्यात आहे. तुला अरेतुरे करतोय, राग मानू नको, दिवसभर तीच सवय. तर तुझा प्रश्न वाचून मला वाटलं की इंग्लिश आणि स्टेज हे वरवरचं आहे. आत तुला विचारायचंय की मला हे करायचा हक्क आहे का. माझ्या मते आहे, आणि बऱ्याच जणांपेक्षा जास्त आहे. का ते सांगतो, पण आधी हे काम नेमकं काय असतं ते बघू, कारण पोस्टरवर जे दिसतं ते फार कमी असतं.

एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) २०१७ पासून पहिल्या वर्षाला तीन आठवड्यांचं स्टुडंट इंडक्शन प्रोग्राम आणलं. त्याच्या आधी आयआयटी गांधीनगरला २०११ पासून पाच आठवड्यांचा फाउंडेशन प्रोग्राम चालायचा, कल्पना बरीचशी तिथली. पुढे २०१९ ला यूजीसीने दीक्षारंभ नावाने बाकीच्या कॉलेजांसाठी तसंच आणलं. विचार चांगला आहे, अकरावी-बारावी सीईटीच्या क्लासमध्ये पिळून निघालेलं पोरगं येतं, त्याला लगेच एम-वनच्या (गणिताच्या पहिल्या पेपरच्या) इंटिग्रेशनमध्ये ढकलू नका, आधी जरा श्वास घेऊ द्या, खेळ, कला, माणुसकीच्या मूल्यांवर गप्पा, गावातल्या भेटी, डिपार्टमेंटची ओळख, आणि वीसेक मुलांमागे एक मेंटर सर किंवा मॅडम. कागदावर तीन आठवडे. प्रत्यक्षात कॅपचे (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे) राउंड लांबतात, सिलॅबस संपवायची घाई असते, त्यामुळे बऱ्याच कॉलेजात ते आठ-दहा दिवसांवर येतं, काही ठिकाणी चार दिवसांवर. आणि कापाकापी करताना मोठ्या हॉलमधली भाषणं कुणी कापत नाही, पाहुण्यांना आमंत्रणं गेलेली असतात. कापला जातो तो छोट्या ग्रुपचा वेळ, जिथे पोरगं तोंड उघडतं. मग तो वेळ कोण भरून काढतं? कँटीनच्या लाइनीत, झेरॉक्सच्या दुकानात, होस्टेलच्या जिन्यात उभा असलेला व्हॉलंटियर. तुझं काम तिथं आहे. माईक धरणारे मला दरवर्षी गरजेपेक्षा जास्त मिळतात.

माझी चूकच सांगतो. पहिली दोन वर्षं मी व्हॉलंटियर निवडायला चक्क अँकरिंगची ऑडिशन घ्यायचो. छान बोलणारी, गॅदरिंग गाजवलेली पोरं आली, कार्यक्रम झकास झाला, फोटो एक नंबर. तिसऱ्या दिवशी कळलं की एक मुलगा दोन दिवस भलत्याच ब्रँचच्या हॉलमध्ये बसून होता. नोटीस बोर्डावरच्या यादीत पाटील सतराअठरा, त्यातले दोघे नावासकट सारखे, फक्त वडिलांचं नाव वेगळं, हा दुसऱ्याच्या रांगेत जाऊन बसला. पहिल्या दिवशी दुपारी त्याच्या लक्षात आलं होतं, पण विचारायची लाज वाटली, सगळ्यांना सगळं माहितेय आणि आपणच येडे असं वाटलं त्याला. तो सापडला कसा तर जेवणाच्या कुपनांमुळे. कुपन वाटायला एक अबोल पोरगा होता, स्टेजवर त्याला मी घेतलाच नव्हता म्हणून कुपनांवर बसवलेला. त्याला दोन दिवस एका हॉलमध्ये एक कुपन कमी पडत होतं आणि दुसऱ्या हॉलचं एक उरत होतं. बाकीच्यांनी इकडचं तिकडं करून विषय मिटवला असता, हा यादी घेऊन एकेकाला नाव, वडिलांचं नाव विचारत बसला. तो डायरेक्ट सेकंड इयरचा होता. मी नंतर विचारलं तुला का रे शंका आली, तर म्हणाला, सर मी एसईला आलो तेव्हा आठवडाभर चुकीच्या प्रॅक्टिकल बॅचमध्ये जात होतो, कुणी सांगितलंच नाही.

तेव्हापासून ऑडिशन बंद. आता एक कागद देतो आणि विचारतो, या कॉलेजात पहिल्या आठवड्यात तुझं काय चुकलं, कुठे हरवलास, काय उशिरा कळलं. ज्याला अर्धं पान लिहिता येतं तो माझ्या कामाचा. जो लिहितो की काही चुकलं नाही, तो बहुतेक विसरलाय.

आता तुझा हिशोब कर. तू सप्टेंबरात कधीतरी आला असशील, वर्ग सुरू होऊन महिना झालेला, ग्रुप पडलेले, जर्नलचे चार एक्सपेरिमेंट मागे, एम-थ्रीमध्ये सर म्हणतायत हे तुम्ही एम-टूला केलंय, आणि तू ते केलेलंच नाही. तुला इंडक्शन मिळालं नाही असं तू तक्रारीसारखं लिहिलंयस, पण इंडक्शन नसलं की काय काय अडतं याची यादी तुझ्याइतकी कुणाकडे नाही. ज्याला सगळं वेळेवर मिळालं त्याला काय मिळालं हेही आठवत नाही रे.

इंग्लिशचं म्हणशील तर पहिल्या दिवशी गेटवर उभा राहून बघ. सकाळी आठला मुलाबरोबर वडील असतात, कधी मामा असतो, हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाइल, रात्रभर एसटीने आलेले, तोंड कुठे धुवायचं हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. आतून माईकवर ‘रिस्पेक्टेड डिग्निटरीज’ चाललेलं असतं. तिथे तुझ्या नांदेडच्या बोलीत कुणी ‘कुठून आलात काका’ विचारलं ना की त्या माणसाचा चेहरा बदलतो, मी बघितलंय. अर्थात आमच्याकडे आता बाहेरच्या राज्यातलीही पोरं असतात, त्यांना मराठी समजत नाही, त्यामुळे महत्त्वाची सूचना दोनदा सांगायची, एकदा मराठीत आणि एकदा जमेल तशा हिंदी-इंग्लिशमध्ये. तुटकं चालतं. खोली नंबर आणि वेळ बरोबर असली म्हणजे झालं.

आता जिथे खरोखर जपून राहायचं ते. याबद्दल जरा लांबड लावतो, कारण व्हॉलंटियरांकडून नुकसान होतं ते इथेच होतं.

पहिलं म्हणजे फी, कागदपत्रं, स्कॉलरशिप. लोक तुला विचारणारच, तुझ्या गळ्यात आयकार्ड असतं. एके वर्षी आमच्या एका उत्साही व्हॉलंटियरने एका मुलाला छातीठोकपणे सांगितलं की कास्ट व्हॅलिडिटी नंतर दिली तरी चालते, माझी पण नंतरच दिली होती. त्याच्या वर्षी चालली होती, खरं होतं ते, कारण त्या वर्षी शासनाने मुदत वाढवून दिली होती. पुढच्या वर्षी मुदत वेगळी. पोरगं निवांत घरी गेलं, आणि आमच्या ऑफिसच्या क्लार्कने शेवटच्या दोन दिवसांत फोन केला नसता तर त्याची कॅटेगरीची सीट गेली होती. खोटं कुणीच बोललं नव्हतं, फक्त गेल्या वर्षीचं खरं यंदा सांगितलं होतं. असल्या गोष्टी दरवर्षी जीआरने बदलतात. मुलींच्या फी माफीचंच घे, २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी गटांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, ही बातमी सगळ्या आयांना माहीत असते. पण ती कॅपमधून आलेल्या मुलींसाठी आहे, इन्स्टिट्यूट लेव्हलला, म्हणजे थेट कॉलेजच्या पातळीवर, प्रवेश घेतला असेल तर नाही, आणि डेव्हलपमेंट फी वगैरे त्यात येत नाही, हे बारीक अक्षरातलं कुणाला माहीत नसतं. तू हो म्हणून बसलास आणि खिडकीवर नाही म्हणाले तर त्या आईच्या लेखी खोटारडा तू.

म्हणून माझ्याकडे नियम असा की पैसे आणि कागद यांचं उत्तर व्हॉलंटियरने द्यायचं नाही. ‘मला नक्की माहीत नाही, चला विचारू’ म्हणायचं आणि स्वतः बरोबर खिडकीपर्यंत जायचं. ‘तिकडे विचारा’ म्हणून हात दाखवला तर अर्धी माणसं जात नाहीत, खिडकीची भीती वाटते लोकांना. बरोबर गेलास की दहा मिनिटं जातात, पण पुढच्या वेळी ते पोरगं एकटं जातं.

न विचारता मात्र दोन गोष्टी प्रत्येकाला सांगत सुट, यात चुकायला काही नाही. एक, दाखला, मार्कशीट, ओरिजिनल जे काही कॉलेजात जमा करणार त्याच्या आधी स्कॅन करून ठेव आणि पाच-सहा झेरॉक्स काढ, नंतर बँकेत, पाससाठी, महाडीबीटीला (स्कॉलरशिपच्या सरकारी पोर्टलला) तेच लागतं आणि मग ऑफिसच्या पाया पडावं लागतं. दोन, बँक खात्याला आधार जोडलेलं आहे का बघ. महाडीबीटीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, फॉर्मवर कुठलंही खातं लिहा. आमच्याकडे एकाची स्कॉलरशिप वर्षभर ‘आली नाही, आली नाही’ चाललं होतं, ती पाचवीत असताना शाळेने काढून दिलेल्या खात्यात पडून होती.

दुसरी जपायची गोष्ट रॅगिंग. तू म्हणशील मी कशाला रॅगिंग करतोय. करणार नाहीस, पण ‘आइस ब्रेकिंग’च्या नावाखाली काय काय होतं ते मी बघितलंय. वीस जणांच्या गोलात एकाला उभं करायचं, इंट्रो दे, गाणं म्हण, नाच, कुणी क्रश आहे का. बाकीचे हसतात, तोही हसतो, आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय कॉलेजातून काढलं की पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. यूजीसीचे नियम २००९ चे. त्यात नवीन मुलाला लाजिरवाणं वाटेल, दडपण येईल असं वागणंही येतं, गंमत म्हणून केलं ही सबब नाही. माझी साधी कसोटी अशी, त्या खेळात ‘मला नको’ म्हणायची सोय आहे का, आणि कुणी तसं म्हटलं तर पुढच्याकडे वळताना कुणी ‘ओऽऽऽ’ करतं का. नसेल सोय तर तो खेळ घ्यायचा नाही. आणि पहिल्यांदा ‘मला नको’ हे तूच म्हणून दाखवायचं, म्हणजे बाकीच्यांना धीर येतो. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, हा नंबर तूच त्यांना पहिल्या दिवशी द्यायचा. सीनियरनेच रॅगिंगचा नंबर दिला की मुलांना जरा गंमत वाटते, पण विश्वास बसतो.

त्यातच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. ग्रुप काढ, पण त्यात मेंटर सर किंवा मॅडम हव्यातच, सीनियरांचा वेगळा ‘अनऑफिशियल’ ग्रुप काढू नकोस, कितीही चांगल्या मनाने असला तरी. तिथूनच रात्री अकराला ‘एफईवाल्यांनो रिप्लाय द्या’ सुरू होतं. मुलींना पर्सनल मेसेज नाही, टी-शर्ट किंवा फ्रेशर्सचे पैसे गोळा करणं नाही, रात्री होस्टेलच्या खोल्यांत जाणं नाही. हे तुझ्याच संरक्षणासाठी आहे, उद्या कुणी काही म्हटलं तर तुझं नाव स्वच्छ राहिलं पाहिजे.

आणि कुणी रडलं तर. रडतं, दरवर्षी रडतं, बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पहिल्या दिवशी नाही. नवलाई ओसरलेली असते आणि शनिवार जवळ आलेला असतो. घरची आठवण असेल तर बरोबर चहाला जा, मेसचं काय आवडत नाही ते ऐकून घे, उपदेश करू नको, ‘मला पण असंच झालं होतं’ हे एक वाक्य पुरतं. पण बोलण्यात जगण्याचाच कंटाळा डोकावला, किंवा चार दिवस झोप नाही, जेवण नाही असं कळलं, तर गुपित ठेवायचं वचन देऊ नको. त्याला एकटं न सोडता मेंटरला सांग, लगेच, त्याच रात्री. टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात. तू समुपदेशक नाहीस आणि तसं व्हायचा प्रयत्नही करू नको, बरोबर बसून राहणं हेच खूप झालं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तू कॉलेज ऑटोनॉमस (स्वायत्त) आहे की युनिव्हर्सिटीला संलग्न हे लिहिलं नाहीस, आणि फरक पडतो. तुमचं टीईचं सेमिस्टर जुलैत सुरू होतं, एफईची मुलं येतात ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे इंडक्शन नेमकं तुमच्या युनिट टेस्ट किंवा इन-सेमच्या (सेमिस्टरमधल्या परीक्षेच्या) तोंडावर येतं. त्यात तुझ्या गेल्या वर्षीच्या केट्या, म्हणजे नापास झालेले विषय, राहिल्या असतील (राहिल्या असतील तर लाजायचं काही नाही, डिप्लोमावाल्यांचा एम-थ्री हा सार्वजनिक आजार आहे) तर पूर्ण वेळ हे अंगावर घेऊ नकोस. सरळ कोऑर्डिनेटरला तीन गोष्टी विचार: हजेरी लेखी मिळणार का, रोज किती तास, आणि जेवण कॉलेजचं का. तिसरं हसण्यावारी नेऊ नको, जिथे व्हॉलंटियरांना दुपारी तीनपर्यंत उपाशी ठेवतात तिथे बाकीचं नियोजनही तसंच असतं. पहिल्याचं उत्तर ‘बघू, बोलतो मी सरांशी’ असं आलं तर अर्धा दिवसच घे. तोंडी दिलेली हजेरी डिटेन्शनच्या (हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू न देणाऱ्या) यादीपर्यंत टिकत नाही.

रिझ्युमेचं खरं सांगू? एका ओळीची किंमत फार नाही. सर्टिफिकेट सगळ्यांना मिळतं, कुपन वाटणाऱ्याला आणि नुसता टी-शर्ट घालून फिरणाऱ्यालाही. काही ऑटोनॉमस कॉलेजांत आता क्रेडिटही मिळतं, तुझ्याकडे आहे का विचार. पण इंटरव्ह्यूला ‘टेल मी अबाउट अ प्रॉब्लेम यू सॉल्व्ड’ आलं की सगळी पोरं तोच डाउनलोड केलेला प्रोजेक्ट सांगतात, आणि आमचा तो कुपनवाला सतराअठरा पाटलांची गोष्ट सांगून आला. त्यासाठी व्हॉलंटियर होऊ नको, पण झालास तर रोज रात्री चार ओळी लिहून ठेव, दोन वर्षांनी आठवत नाही.

शेवटचा मुद्दा, आणि हा मला सगळ्यात जवळचा. इंडक्शन बहुतेक पहिल्या-दुसऱ्या राउंडच्या मुलांना मिळतं. कॅपचे आधी तीन राउंड असायचे, २०२५ पासून चार झाले, त्यानंतर इन्स्टिट्यूट लेव्हल. कुणी बेटरमेंट (आणखी चांगली सीट मिळेल म्हणून पुढच्या राउंडला थांबणं) करत करत शेवटी येतं, कुणाच्या पैशाची सोय उशिरा होते. तोवर ढोल वाजवून झालेले असतात, पाहुणे गेलेले, मेंटरचे ग्रुप भरलेले. हे पोरगं सरळ वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसतं. आणि तुमची डीएसईची (डायरेक्ट सेकंड इयरची) मुलं, त्यांच्या तर नशिबात इंडक्शन नावालाही नसतं. या दोन गटांसाठी कुणीच काही करत नाही, मीही बरीच वर्षं केलं नाही.

आम्ही आता काय करतो ते सांगतो, फार मोठं नाही. दर सोमवारी ऑफिसमधून नवीन प्रवेशांची यादी घ्यायची, एक व्हॉलंटियर त्या मुलांना जेवणाच्या सुट्टीत गाठतो. अर्धा तास कँपस फिरवायचा, म्हणजे लायब्ररी, झेरॉक्स, डिपार्टमेंटचं ऑफिस, पिण्याचं थंड पाणी कुठल्या मजल्यावर येतं. मग बॅच आणि रोल नंबर खात्रीने बघायचा, मेंटरच्या ग्रुपात टाकायचं, आणि त्याच वर्गातल्या एका मुलाशी ओळख करून द्यायची, ज्याचं जर्नल मिळेल. डीएसईवाल्यांना याच्या जोडीला पहिल्या वर्षाच्या मॅथ्सच्या नोट्स आणि ‘हे दोन चॅप्टर आधी कर’ एवढं सांगायचं. कोणते दोन ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

तू मुख्य कार्यक्रमाला नाव नाही दिलंस तरी हे काम माग. स्टेज नाही, इंग्लिश नाही, युनिट टेस्टशी भांडण नाही, आठवड्याला दोनेक तास. कोऑर्डिनेटर बहुतेक आनंदाने देईल, कारण ते कुणाच्याच यादीत नसतं. आणि फॉर्मवर ‘पूर्वानुभव’ असा रकाना असेल तर कोरा सोडू नको. तिथे लिही की डिप्लोमा, डायरेक्ट सेकंड इयर, अमुक तारखेला वर्गात आलो, तेव्हा इतके दिवस शिकवून झालं होतं, आणि बरोबर बॅच सापडायला मला इतके दिवस लागले.